पुन्हाबुवा

बोटींच्या त्या यार्डात म्हाताऱ्यांना सगळे पुन्हाबुवा म्हणत. अर्थात पाठीमागे. समोर आले की सगळ्यांची तोंडं बंद आणि हात चालू. नाव पडलं होतं ते त्यांच्या एका शब्दावरून. एखाद्यानं दिवसभर मान मोडून बोटीची एक कूस घासावी, पुसावी, मेण लावून लखलखीत करावी आणि संध्याकाळी ह्यांनी यावं, तळहात एकदा त्या कुशीवरून फिरवावा, नाक उडवावं आणि म्हणावं, "पुन्हा." कुठं चुकलं ते सांगायचं नाही. विचारलंच कुणी, तर म्हणायचं, "डोळे दिलेत ना देवानं? शोध की."

काम त्यांचं होतं बोटीच्या बाहेरच्या अंगाला चकाकी आणायचं. फायबरची बोट पाण्यात आणि उन्हात राहून राहून पांढुरकी पडते, हात लावला तर खडूसारखी पूड हाताला येते. ती पूड घासून काढायची, मग फिरत्या मशिनीनं पॉलिश करायचं आणि शेवटी वरून मेण चढवायचं, म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही. ऐकायला सोपं. पण मशीन जरा तिरकी धरली की बोटीच्या अंगावर गोल गोल भोवरे उठतात आणि मेण वेळेवर पुसलं नाही की पांढुरका ढग बसतो. सकाळी दिसत नाही, दुपारी तिरपं ऊन आलं की सगळ्या गावाला दिसतो. पुन्हाबुवांच्या हातच्या बोटीवर ना कधी भोवरा दिसला, ना ढग. माणूस कसाही असो, हात सोन्याचा, असं यार्डाचे मालकसुद्धा म्हणत.

ह्या माणसाच्या घरात ती सून म्हणून आली. सासू आधीच गेलेली. नवरा मालवाहू जहाजावर कामाला. लग्न करून महिन्याभरात जो गेला तो वर्ष सरताना उगवला. घरात ती आणि सासरे, दोघंच. पहिल्या आठवड्यात तिनं घासलेलं पातेलं त्यांनी उजेडात धरलं, फिरवून फिरवून पाहिलं आणि मोरीत परत टाकलं. "पुन्हा." तिला वाटलं, चेष्टा करतायत. ती हसली. ते हसले नाहीत.

यार्डात त्यांच्या हाताखाली माणूस टिकत नव्हता. शेवटी ते एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "उद्यापासून तू चल. घरात बसून नुसती जाडी होतेयस."

ती गेली. अंगठी, बांगड्या, गळ्यातलं, सगळं घरी काढून ठेवायचं, कारण बोटीला ओरखडा जातो. फोनसुद्धा खिशात ठेवायचा नाही. तो त्यांच्या पिशवीत. पहिल्या पावसाळ्याआधीच तिची नखं झिजून गेली आणि खांदे असे भरून यायचे की केस विंचरायला हात वर जायचा नाही. एकदा तिनं घासलेल्या कुशीवर भोवरा राहिला, तेव्हा त्यांनी मेणाचं ओलं फडकं सगळ्यांसमोर तिच्या तोंडावर मारलं. यार्डातले सुतारकाका तेवढे रंधा थांबवून बघत राहिले. ती फडकं उचलून परत कामाला लागली. वाईट एवढंच, की तिला काम आवडायला लागलं होतं. पांढरं मेलेलं अंग हळूहळू जिवंत होतं, त्यात आधी आभाळ दिसायला लागतं, मग आपला हात, मग आपण. ते बघायला ती सगळं सोसायची. हात तयार होत गेला तिचा. सासऱ्यांनाही ते कळत होतं. म्हणून तर तिच्यावर दात जास्त.

तिचे वडील गेले त्या दिवशी ती एका मोठ्या पांढऱ्या बोटीला मेण लावत होती. दुपारी भावाचा फोन आला. फोन सासऱ्यांच्या पिशवीत. त्यांनी उचलला, बाजूला जाऊन बोलले, परत पिशवीत टाकला आणि तिच्या मागं येऊन उभे राहिले. "हात चालव," म्हणाले. तिनं हात चालवला. सगळी कूस पुसून झाली, त्यांनी तळहात फिरवून पाहिला, त्या दिवशी 'पुन्हा'सुद्धा म्हणाले नाहीत. मग पिशवी उचलता उचलता म्हणाले, "तुझ्या बापाचं काही खरं नाही. भाऊ बोलावतोय. जाऊन ये."

ती माहेरी पोचली तोवर वडिलांना नेलं होतं. दारात भाऊ बसला होता. तिच्याकडे बघेना. "तुझं नाव घेत होते गं," तो म्हणाला. "मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळेला तुझे सासरे म्हणाले, सांगतो, निघालीच समज."

परत आल्यावर तिनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभं राहून विचारलं. "बाबा, मला का नाही सांगितलंत?"

ते भाकरी मोडत होते. मान वर न करता म्हणाले, "अर्धी कूस मेणात होती. टाकून पळाली असतीस, तर ढग बसला असता. आणि जाऊन तू काय करणार होतीस? डॉक्टर आहेस?"

तिनं ताटात भाजी वाढली. तो विषय घरात परत निघाला नाही.

वर्षं गेली. मशीन आयुष्यभर थरथरत राहिली होती त्यांच्या हातात. ती थरथर आता त्यांची बोटं घेऊन बसली. आधी टोकं पांढरी पडायची, थंडीत मेणबत्तीसारखी. मग मुंग्या. मग काहीच नाही. कप हातातून सुटायचा आणि ते कपाला शिव्या द्यायचे. शर्टाचं बटण लागेना. रोज सकाळी ते आरशासमोर झटापट करत आणि हरले की दारात येऊन गप्प उभे राहत. ती हात पुसत यायची, खालपासून वरपर्यंत बटणं लावायची. ती त्यांच्या गळ्याकडे बघायची, ते तिच्या डोक्यावरून भिंतीकडे. यार्डात मात्र पत्ता लागू देत नव्हते. तळहात फिरवायचे, 'पुन्हा' म्हणायचे. हाताला काही कळत नव्हतं, जिभेला सवय होती.

एका डॉक्टरांची गडद निळी बोट आली तेव्हा सगळं उघडं पडलं. निळ्यावर काही लपत नाही. पुन्हाबुवांनी मशीन एका जागी धरून ठेवली. बोटीचं अंग तापतंय, हे बोटांना कळायला हवं होतं. जळका वास आला तसं सुतारकाका ओरडले, "अरे, थांबा! थांबा!" मशीन बाजूला केली तर निळ्याच्या मधोमध ताटाएवढा पिवळा डाग, आतलं फायबर उघडं. डॉक्टर संध्याकाळी आले. डागाकडे बघितलं आणि म्हाताऱ्यांकडे बघून एवढंच म्हणाले, "ह्या वयात घरी बसावं माणसानं."

मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "वहिनी, आजपासून पॉलिशचं सगळं तुमच्याकडे. त्यांना तेवढं घरी समजावून सांगा. मला नाही जमायचं."

तिनं थोडा विचार केला. "घरी नका बसवू त्यांना," ती म्हणाली. "मागं ती जुनी बोट पडलीय ना, त्यावर करू दे काहीतरी. मेण-पॉलिश वाया जाईल म्हणत असाल तर उरलेसुरलेच डबे देते."

मालकांचे डोळे भरून आले. अशी सून नशिबानं मिळते, असं ते त्या दिवशी चार जणांना सांगत फिरले.

मागची बोट म्हणजे प्रवासी बोटीचं नुसतं कलेवर. बूड तडकलेलं, इंजिन कधीच काढून विकलेलं, आत कुत्री व्यालेली. पाण्यात जायची तिची काही आशा नव्हती. तिनं सासऱ्यांना तिथं नेलं आणि म्हणाली, "बाबा, बाहेरगावचं गिऱ्हाईक आहे. बोट दुरुस्त करून घेणार आहे. पण बाहेरचं काम तुमच्याच हातचं हवं म्हणतो. मशीन नको, हातानं."

म्हातारे ताठ झाले. निळी बोट जळल्यापासून वाकलेली मान पहिल्यांदा वर आली. "मग?" म्हणाले. "मशिनीनं काय, कुणीही करतं."

ते कामाला लागले. कुत्री हाकलली, अंग धुतलं, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं वीत वीत घासायला घेतलं. पेपर बोटांत धरवत नव्हता, तर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून ठोकळा मनगटाला बांधून घेतला. संध्याकाळी ती आली. यार्डातली माणसं हातपाय धूत होती, कुणी चहा पीत होतं. तिनं सगळ्यांच्या देखत तळहात त्या कुशीवरून सावकाश फिरवला.

"पुन्हा," ती म्हणाली.

कुणाच्या तरी नाकातून चहा आला. मग सगळं यार्ड हसलं. इतक्या वर्षांचं तुंबलेलं हसू ते, आवरता आवरेना. म्हातारे तिच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असेल, चेष्टा करतेय. ती हसली नाही.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

"डोळे आहेत ना?"

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळ झाली की माणसं चहा घेऊन मागच्या बाजूला जमायची, जसं काही नाटकाला यावं तसं. यार्डातला वेल्डर तर नक्कल करायला शिकला होता: आधी नाक उडवायचा, मग बायकी आवाजात 'पुन्हाऽऽ'. ती यायची, तळहात फिरवायची, शब्द टाकायची, निघून जायची. कधी काम खरंच कच्चं असायचं, कधी बरं असायचं. शब्द तोच.

सुतारकाकांनी एक दिवस तिला गाठलं. "पोरी, पुरे आता."

"काय पुरे, काका?"

"तुला ठाऊक आहे काय ते."

"मी शिव्या देते त्यांना? उपाशी ठेवते? सकाळी बटणं लावते, दुपारी डबा देते. दिवसाला एक शब्द बोलते. तोही त्यांनीच शिकवलेला."

काकांनी मान हलवली आणि गेले. त्यानंतर ते मागच्या बाजूला फिरकले नाहीत. पण थांबवलंही नाही.

बोटांना कळत नाही, हे म्हाताऱ्यांनी एव्हाना मनाशी कबूल केलं असावं. कारण एक दिवस त्यांनी फडकं बाजूला ठेवलं, वाकले आणि गाल बोटीला लावला. गाल तसाच टेकवून हळूहळू पुढं सरकत गेले. जिथं खरखर लागली तिथं थांबले, खडूनं खूण केली. मग खालचा ओठ लावून पाहायला लागले. ओठाला बारीक कळतं, बोटापेक्षाही. यार्डाला तर पर्वणीच. "अरे, मुके घेतोय म्हातारा! लग्न लावून द्या रे दोघांचं!" कुणी शिट्टी मारली. म्हाताऱ्यांना ऐकू येत होतं की नाही, देव जाणे. गाल लावून, डोळे मिटून ते इंच इंच सरकत राहायचे. घरी यायचे तेव्हा अर्ध्या तोंडाला पांढरी पूड असायची. ती पाणी तापवून द्यायची.

त्याच दिवसांत तिचा नवरा सुट्टीवर आला. जेवणाचा डबा पोचवायच्या निमित्तानं यार्डात गेला आणि वडिलांना बोटीला गाल घासताना पाहून दारातच थबकला. तिला वाटलं, आता हा चिडणार. उत्तर तिनं तयारच ठेवलं होतं. सगळं सांगितलं: बोट कुठली, गिऱ्हाईक कुठलं, संध्याकाळचा खेळ काय.

त्यानं हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "पोहायला शिकवताना मला कमरेला दोर बांधून बोटीमागं ओढायचे. मी रडलो की बोट जोरात." खिशातून तंबाखूची डबी काढली, उलटी पडलेली एक बादली ओढली आणि तिच्यावर बसला. "चालू दे," म्हणाला.

पुढं उन्हाळा चढायला लागला तसा मेणाचा टप्पा आला. एका संध्याकाळी ती नेहमीसारखी गेली आणि हात उचलताना थांबली. समोर ती स्वतः उभी होती. नुसती आकृती नव्हे; कपाळावरचा घाम, सुटलेली बट, मागं चहा पिणारी माणसं, त्यांच्या मागं शेडचे पत्रे, पत्र्यावर बसलेला पक्षी. तिनं तळहात टेकवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. कुठं अडला नाही, कुठं चिकटला नाही. वाकून तिरपं पाहिलं, सूर्याकडे तोंड करून पाहिलं. भोवरा नाही, ढग नाही. असं काम तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिच्या हातचं नव्हतं असं, आणि खरं सांगायचं तर म्हाताऱ्यांच्या हातचंही कधी नव्हतं, धड बोटं होती तेव्हासुद्धा.

म्हातारे बाजूला उभे होते. फडकं छातीशी धरून. ते तिच्या हाताकडे नाही, तोंडाकडे बघत होते.

'झालं' हा शब्द तिच्या ओठावर आला होता. ती नंतर कधी स्वतःशी खोटं बोलली नाही याबाबतीत, आला होता. पण मागं माणसं वाट बघत उभी होती, वेल्डरनं नाक उडवायला घेतलंच होतं आणि समोर तो चेहरा पहिल्यांदाच काहीतरी मागत होता.

"पुन्हा," ती म्हणाली.

हशा झाला. ती पाण्याच्या टाकीमागं गेली आणि उगाचच बराच वेळ हात धूत राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मालक म्हणाले, "वहिनी, मागची जागा मोकळी करायचीय. उद्या सकाळी कापणारे येतायत. म्हाताऱ्यांना तुम्ही सांगाल ना?"

"सांगते," ती म्हणाली. बोलल्यावर तो शब्द तिच्याच कानाला ओळखीचा वाटला.

सांगितलं नाही. सकाळी म्हातारे लवकर उठले, दाढी केली, हनुवटीला कापून घेतलं. दारात येऊन उभे राहिले. ती बटणं लावायला लागली. आज ते भिंतीकडे बघत नव्हते.

"शेवटचं मेण आज," ते म्हणाले. "काल रात्री डोक्यात आलं सगळं. आज तुला म्हणावंच लागेल, सूनबाई."

"काय?"

"ते तू बघ."

तिनं वरचं बटण लावलं.

यार्डाच्या फाटकातच कटरचा आवाज आला. पांढरी धूळ हवेत धुरासारखी पसरलेली. म्हातारे झपाझप चालायला लागले. ती मागून, आपल्या चालीनं. बोट मध्यावर कापून झाली होती. दोन तुकडे दोन बाजूंना कलले होते आणि दोन्हींवर आभाळ जसंच्या तसं. एका कापणाऱ्यानं काळ्या, तेलकट हातमोज्याचा पंजा कुशीवर टेकवला होता.

"हात काढ!" म्हातारे ओरडले. "पुसून लाव हात! मेण आहे त्याच्यावर!"

तो माणूस गोंधळला. त्यानं खरंच हातमोजा पँटला पुसला. बाकीचे हसले आणि वेल्डर पुढं आला. "बुवा, भंगार आहे हो ते. पहिल्यापासून भंगारच होतं. कुठलं गिऱ्हाईक घेऊन बसलात!"

या वेळी फार कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यांनी वेल्डरकडे पाहिलं, मालकांच्या केबिनकडे पाहिलं आणि मग वळून तिला शोधलं. ती तयार होती. शिव्या येतील, हात उगारतील, रडतीलसुद्धा. इतकी वर्षं ती ह्याच घटकेसाठी थांबली होती. बापाचं नाव काढून काय काय बोलायचं, ते तिला पाठ होतं.

ते जवळ आले. हळू आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "ते असू दे. पण तू शेवटपर्यंत 'झालं' म्हणाली नाहीस. कुठं राहिलं होतं?"

तिनं कापलेल्या दोन तुकड्यांकडे पाहिलं.

"माझ्या गालाला लागलं नाही कुठं," ते म्हणाले. "तुझा हात चांगला आहे. तुला लागलं असणार. कुठं होतं, तेवढं सांग."

तुझा हात चांगला आहे. हे ते पहिल्यांदा बोलत होते, आणि आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

"उजव्या कुशीला," ती म्हणाली. "पाण्याच्या रेघेच्या जरा वर. ढग होता."

त्यांनी मान डोलावली. "वाटलंच मला," म्हणाले. "वाटलंच."

त्यानंतर ते यार्डात गेले नाहीत. कुणी येऊ नका म्हणालं नाही, कुणी या असंही म्हणालं नाही. घरी खिडकीशी बसायचे. मग एकदा जेवताना म्हणाले, "उजवीकडे म्हणालीस ना? तिकडे दुपारी ऊन येतं. मेण लवकर वाळलं असणार."

"हो," ती म्हणाली.

"तिथं आधी सावली करायला हवी होती. ताडपत्री बांधून."

"हो, बाबा."

दुसऱ्या दिवशी ताडपत्री नको, सकाळीच ती बाजू उरकायला हवी होती. तिसऱ्या दिवशी मेणातच खोट. असं ते कितीतरी महिने चाललं. ते त्या ढगाला घरभर घेऊन फिरत होते, आणि तो ढग कुठंच नव्हता, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. तिला कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं. बटणं लावताना, ताट वाढताना. सुरुवातीला तिनं सांगितलं नाही ते रागानं. पुढं राग निवला. तरी जमलं नाही. सांगायचं म्हणजे ती संध्याकाळ सांगायची, आपण काय पाहिलं ते सांगायचं आणि पाहूनही तोंडातून काय काढलं तेही. तेवढं धैर्य तिच्यात नव्हतं. मग तीच त्यांना नवीन नवीन कारणं सुचवायला लागली. पाणी खारट असेल. फडकं नवं होतं, त्याचे धागे असतील. ते मन लावून ऐकायचे. सासऱ्यांशी ती जन्मात इतकं बोलली नव्हती.

ते गेले तेव्हा नवरा घरीच होता. सगळं उरकल्यावर, माणसं पांगल्यावर त्यानं तिला विचारलं, "एक सांग. ती शेवटची बोट. काम खरंच बिघडलं होतं त्यांचं?"

ती भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला त्यांचा शर्ट काढून घडी घालत होती.

"बिघडलं होतं," ती म्हणाली.

"तरीच," नवरा म्हणाला आणि चपला घालून बाहेर गेला.

यार्डात मासेमारीच्या दोन बोटी येऊन पडल्या होत्या, शेवाळानं माखलेल्या. दुसऱ्या आठवड्यात ती कामावर गेली.